लांबट चेंडू आणि आम्ही दोघं

डॉक्टरांनी शुगर निघाली म्हणून सांगितलं आणि रोज सकाळी तासभर चालायला लावलं, म्हणून मी मैदानावर जाऊ लागलो. नाहीतर लातूरच्या डाळमिलमध्ये तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाचा मैदानाशी काय संबंध? एकट्याला कंटाळा येतो म्हणून बायकोलाही सोबत न्यायचो. चार चकरा झाल्या की आम्ही कडेच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर टेकायचो आणि पोरांचं क्रिकेट बघत बसायचो.

एके दिवशी मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात दहा-बारा मुली दिसल्या. त्यांच्या हातात एक विचित्र चेंडू होता. गोल नव्हता, दोन्ही बाजूंनी निमुळता होता. जमिनीवर पडला की कुठं उडेल त्याचा भरवसा नाही. एक मुलगी तो काखेत घेऊन पळायची, दुसरी येऊन तिच्या कमरेला मिठी मारायची आणि दोघी धपकन मातीत पडायच्या. बायको तोंडाला पदर लावून हसली.

"भांडायल्यात का खेळायल्यात ह्या?"

शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या सरांना मी विचारलं. एका कॉलेजात ते खेळ शिकवायचे. म्हणाले, "रग्बी आहे काका. चेंडू घेऊन पळायचं आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडं तो जमिनीला टेकवायचा. त्याला ट्राय म्हणतात, त्याचे पाच गुण. आणि हातानं पास द्यायचा तो फक्त मागं."

"पुढं पळायचं अन् चेंडू मागं द्यायचा?" बायकोला हे काही केल्या पटेना. घरी येईपर्यंत ती तेच बोलत होती. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्याआधी तिच्याच पायात चप्पल होती.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्या मुलींत एक ओळखीचं तोंड दिसलं. आमच्या घराच्या वरच्या खोलीत अकरावीची एक मुलगी भाड्यानं राहायची. देवणीकडची. वडलांची शेती आणि गुरं. पोरगी डॉक्टर व्हावी म्हणून त्यांनी तिला लातूरला क्लासला ठेवलं होतं. ती रोज पहाटे साडेपाचला दप्तर घेऊन बाहेर पडायची. "अभ्यासिकेत जाते काकू," म्हणायची. तीच पोरगी आता मातीनं माखलेली, चेंडू छातीशी धरून आमच्या दिशेनं पळत आली आणि आम्हाला बघून जागच्या जागी थांबली. मागून येणाऱ्या मुलीनं तिला आडवी केली.

सराव संपल्यावर ती खालमानेनं आमच्यापुढं आली.

"काका, अण्णांना सांगू नका. ते घेऊन जातील मला."

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "न्हाई सांगत. पण क्लास बुडला तर मी सोताच सांगन. अन् गुडघा बघू आधी."

गुडघ्याची सालटी निघाली होती. बायकोनं घरी नेऊन हळद लावली. तेव्हा मला समजलं की महिनाभर ही पोरगी पायरी चढताना का लंगडत होती.

त्या दिवसापासून आम्ही त्या संघाचे प्रेक्षक झालो. दुसरे कुणी नव्हतेच. मैदानावर येणारे लोक जरा वेळ थांबायचे, हसायचे आणि निघून जायचे. आम्ही पायऱ्यांवर बसून राहायचो. बायको स्टीलच्या डब्यात मीठ-साखरेचं लिंबूपाणी आणायची. मुली तिला काकू म्हणायच्या आणि पाणी पिता पिता तिच्याकडं एकमेकींच्या तक्रारी करायच्या. मी फक्कीच्या रेषा आखायला सरांना मदत करायचो. कधी रेषेवरून शेळ्या जायच्या, मग परत आखायची. रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानं एकदा विचारलं, "काका, तुमची पोरगी हाय का त्यात?" मी नाही म्हणणार तोच बायको म्हणाली, "हाव, हाय."

तेव्हाच एकदा ती मला म्हणाली, "मी बी खेळत होते, खो-खो. नववीपर्यंत." लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. "लई जोरात पळायचे मी. तालुक्याला निवड झाली होती. मग मामा म्हणले, पोरगी मोठी झाली, आता पुरे." एवढं सांगून ती परत मैदानाकडं बघायला लागली. मी तिच्या हातातला डबा घेतला आणि उगाच त्याचं झाकण घट्ट करत बसलो.

जिल्ह्याची स्पर्धा आमच्याच मैदानावर झाली. शेवटचा सामना उदगीरच्या मुलींशी. दोन्हीकडं पाच-पाच गुण, आणि वेळ संपत आलेली. आमच्या देवणीच्या पोरीनं चेंडू घेतला, एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं. आणि माझ्या शेजारून असा आवाज आला की मी दचकलो.

"पळ! पळ माय! मागं बघू नको, पळ!"

बायको उभी होती. पदर खांद्यावरून घसरलेला, दोन्ही मुठी आवळलेल्या. घरात भांडं पडल्याचा आवाज झाला तरी जी ओशाळायची, शेजारणीला हाक मारायची तर जी गच्चीवरून खाली उतरून जायची, ती माझी बायको अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडत होती. पोरीनं रेषेपलीकडं झेप घेतली. त्या धुळीत मला ट्राय नीट दिसलाच नाही, कारण मी बायकोकडंच बघत होतो.

जिंकल्यामुळं संघाला नांदेडला विभागाच्या स्पर्धेला जायचं होतं. त्यासाठी फॉर्मवर पालकांची सही लागायची. संध्याकाळी पोरगी फॉर्म घेऊन खाली आली.

"काका, तुम्हीच करा की सही. पालक म्हणून."

तिचे वडील दर रविवारी मला फोन करायचे. "पोरगी कशी हाय साहेब?" आणि मी दर रविवारी सांगायचो, "बरी हाय, अभ्यास करायली." ते खोटं नव्हतं. सहामाहीत तिला चांगले मार्क पडले होते. पण फोन ठेवल्यावर मला पाणी प्यावं लागायचं. आता त्यांच्या नावाच्या जागी माझी सही करायची, हे मला जमणार नव्हतं. मी नाही म्हणालो. पोरगी फॉर्म तिथंच ठेवून वर गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि बायकोही जेवण वाढून आत निघून जायची.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. मी फोनची वाट बघितली नाही. फॉर्म खिशात घातला आणि एसटीत बसलो. उदगीरला गाडी बदलून देवणीला पोचलो, तिथून जीपनं त्यांच्या गावात. पोरीचे अण्णा गोठ्यात गाय धूत होते. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली देखणी देवणी गाय. मला अचानक दारात बघून त्यांच्या हातातली बादली खाली गेली.

"काय झालं पोरीला?"

"काही न्हाई झालं. एकदम बरी हाय." आणि मग मी सगळं सांगून टाकलं. पहाटेचं मैदान, लांबट चेंडू, जिल्ह्याचा सामना, आमचं गप्प राहणं. ते गाईच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी गाईच्या पाठीवरचं पाणी हातानं निपटलं. मग विचारलं,

"पडती का?"

"पडते."

"रडती?"

"मी तर बघितलं न्हाई अजून."

त्यांनी बादली उचलली. "कागद ठिवून जा. चहा घ्या." चहा पिताना ते फक्त गाईच्या वेताबद्दल बोलले. परतीच्या गाडीत मला सारखं वाटत होतं की आपण पोरीचा खेळ घालवला.

बुधवारी त्यांच्या गावचा एक माणूस पाकीट देऊन गेला. आत सही केलेला फॉर्म होता, दुसरं काही नाही. पोरीनं तो दोनदा वाचला आणि बायकोच्या गळ्यात पडली. माझ्याकडं बघून नुसतं म्हणाली, "काका, तुम्ही लई वंगाळ हायत." आणि पळत वर गेली.

नांदेडला आम्ही आदल्या दिवशीच गेलो, अहमदपूर-लोहा करत. दिवाळी नुकतीच झाली होती, सकाळी गारठा होता. मैदानाच्या कडेला सतरंज्या टाकल्या होत्या. पहिला सामना आम्ही जिंकलो. दुपारी उपांत्य सामन्याआधी पांढरं धोतर, टोपी आणि खांद्यावर टॉवेल असा एक माणूस लोकांतून वाट काढत आमच्यापाशी आला.

"वहिनी, हितं बसू का?"

अण्णा होते. पहाटेच्या गाडीनं निघाले होते, कुणालाही न सांगता. बायकोनं बाजूला सरकून जागा केली आणि लगेच त्यांना नियम समजावून सांगायला लागली. ते मान हलवत होते, पण डोळे पोरीला शोधत होते.

समोरचा संघ तगडा होता. मध्यंतराला आम्ही दहानं मागं. नंतर पोरीनं एक ट्राय केला. बायको उभी राहून ओरडली, अण्णा मात्र हलले नाहीत. नुसतं म्हणाले, "हिची आजी अशी पळायची बांधावरून." पुढच्याच मिनिटाला दोघींनी मिळून पोरीला पाडलं. चेंडू निसटला. खेळ पुढं गेला आणि ती तिथंच पडून राहिली.

अण्णांच्या चपला सतरंजीवरच राहिल्या. ते अनवाणी पळत रेषेपाशी गेले. सरांनी त्यांचा दंड धरला. "दादा, आत जाऊ नका." ते थांबले. मी मागोमाग गेलो होतो, म्हणून मला ऐकू आलं. अगदी हळू, गोठ्यात जनावराशी बोलावं तसं ते म्हणत होते, "ऊठ माय. ऊठ. ऊठ माझी माय."

ती उठली. हातावरची माती झटकली, मान वर केली आणि तिला वडील दिसले. मग कुणीतरी तिचं नाव घेऊन ओरडलं आणि ती चेंडूमागं पळाली.

सामना आम्ही हरलो. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. आमची पोरगी जरा लांबच उभी राहिली. अण्णाच तिच्यापाशी गेले.

"लागलं का?"

"न्हाई."

"खोटं बोलायलीस." त्यांनी टॉवेल पाण्यात भिजवला आणि खाली बसून तिचा गुडघा पुसायला लागले. "किती दिवस झाले हे?"

"चार महिने."

ते पुसतच राहिले. मग म्हणाले, "म्हंजे चार महिने मला बघाया मिळालं न्हाई." तेव्हा मात्र पोरगी रडली. बायकोनं तोंड फिरवलं. मीही उगाच फाटकाकडं जाऊन तिथल्या फळ्यावर कुठला सामना किती वाजता आहे ते वाचत उभा राहिलो.

पोरगी पुढच्या वर्षीही खेळली. डॉक्टरीला मात्र तिचा नंबर लागला नाही. अण्णांनी ते मनाला लावून घेतलं असेल, पण आम्हाला बोलून दाखवलं नाही. ती आता नांदेडला नर्सिंग करते. गुडघ्यानं दगा दिला म्हणून खेळ सुटला. आमची वरची खोली परत भाड्यानं गेली आणि संघात नव्या मुली आल्या. आम्ही दोघं रोज जातोच. लातुरात किंवा उदगीरला सामना असला की अण्णाही येतात, घरच्या दुधाचा खवा घेऊन. पोरगी खेळत नसली तरी येतात.

गेल्या दिवाळीत ती सुटीला आली तेव्हा एक दिवस आमच्याकडं राहिली. सकाळी आमच्याबरोबर मैदानावर आली. लहान मुलींबरोबर दोन फेऱ्या पळाली, दम लागला तशी येऊन बायकोच्या शेजारी बसली. सराव-सामना सुरू झाला. ती एकसारखी चुळबुळत होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती.

"काकू, हितं बसून बघायला लई जड जातं की वो," ती म्हणाली. "कसं बसता तुम्ही?"

बायको काहीतरी सांगणार होती, पण तेवढ्यात सातवीतली एक बारकी पोर चेंडू घेऊन कडेनं सुटली आणि दोघीही एकदम उभ्या राहून ओरडायला लागल्या.