नारळाची साथ

आधीच सांगते, हसायचं असेल तर हातातली कपबशी खाली ठेवा. तिरोड्याजवळच्या आमच्या गावात नारळावर साथ आली होती ना, तिचं निदान मीच केलं होतं!

अंगणात आमचा बुटका नारळ. पहिल्यांदाच फळं धरलेली, मला कोण कौतुक! एका सकाळी बघते, तर सगळ्यात खालचं पान वाळलेलं. रोगच हा!

"बुढं पान वाळनारच ना वो," आमचे हे म्हणाले.

पण मी ऐकते थोडीच! झाडाच्याच सावलीत विटांची चूल मांडली, धानाचं वाळलेलं तणीस पेटवलं आणि गंजभर पाण्यात कडूनिंबाचा पाला उकळला. पाणी निवलं की झाडावर फवारायचं. रोज!

आठवडाभरात काय व्हावं? पानं काळी, शेंडे करपलेले! बाप रे, रोग भारीच जबर! मग मी काय केलं असेल? दोन्ही वेळा उकळायला लागले.

तेवढ्यात शेजारच्या प्रमिलाताई कुंपणावरून ओरडल्या, "माह्याबी नारळाचं पान सुकलं वो बाई! का करू?"

"मी करून राहिली तसंच करा. एक दिवस चुकवू नका!"

थोड्याच दिवसांत त्यांचाही नारळ काळा. झालं, साथच ती! आमचे हे कुऱ्हाड घेऊनच आले.

"तोडतो आता. गावभर पसरल, मंग?"

मी खोडाला मिठी मारून उभी. "फळं धरली अन् तोडता कायले? कृषीवाल्या मॅडमले तं येऊ द्या!"

मॅडम आल्या. पानावर बोट फिरवलं, वास घेतला, मग खाली बघितलं. चूल धुमसतच होती.

"काकू, ही काजळी आहे. आणि शेंडे आचेनं करपले."

"अन् ते पहिलं पान?"

"ते म्हातारं झालं होतं."

"मी म्हनलो होतो ना वो?" यांनी कुऱ्हाड खाली टेकवली. झाड वाचलं, पण माझी अब्रू?

मी हट्टानं विचारलं, "मंग प्रमिलाताईच्या झाडाले लागण कशी झाली?"

मॅडमनी कुंपणापलीकडे नजर टाकली. तिकडे प्रमिलाताई डोळे पुसत, आपल्या नारळाखाली बसून चूल फुंकत होत्या.

"लागण झाली खरी, काकू," मॅडम म्हणाल्या. "पण झाडाला नाही, ताईंना झाली. आणि तुमच्याकडूनच!"