मापाला उभ्या राहिलेल्या काकू

औरंगपुऱ्यात एका अरुंद जिन्यावर आमच्या प्रकाशनाच्या दोन खोल्या होत्या. दुसऱ्यांनी लिहिलेलं नीटनेटकं मांडणं हे माझं काम. समास सारखे करायचे, तळटिपा जागेवर बसवायच्या आणि चित्रांखालच्या ओळी एका साच्यात आणायच्या. साचा ठरलेला होता: आधी चित्राचा क्रमांक, मग मूर्ती, मग लेणं, मग काळ आणि शेवटी उंची. एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी माझं डोकं फिरायचं. घरचे म्हणायचे, ही पानात आधी मीठ जागेवर वाढलंय का ते बघते आणि मग जेवते.

आतल्या खोलीत एक लाकडी पेटी होती. आत ट्यूबलाइट, वर दुधी काच. दुपारी खिडक्या लावून त्यावर निगेटिव्ह ठेवल्या की खोलीत लेणी उतरायची. उजेड काळा, अंधार पांढरा. तासन्‌तास त्यात बघत बसलं की मी अर्धी इथं असायचे, अर्धी तिथं. संध्याकाळी बाहेर पडले तरी ते उतरायचं नाही. समोर दिसेल त्याच्याखाली ओळ उमटायची: चित्र क्रमांक अमुक, रसवंतीचा बैल, विसावं शतक, उभ्या उभ्या पेंगताना. एकदा हर्सूलच्या तलावावर गेले तर पाण्यात बसलेल्या म्हशीची उंची कशी लिहावी या विचारात सूर्य मावळला.

त्या वर्षी एका निवृत्त प्राध्यापकांचं पुस्तक हाती होतं. विषय लेण्यांतले द्वारपाल. सर पैठणकडच्या शेतकरी घरातले. ऐन उमेदीतले सगळे रविवार त्यांनी लेण्यांत घालवले होते, एसटीनं जायचं, भाकरी बांधून न्यायची. आणि प्रत्येक फोटोत द्वारपालाशेजारी एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, हात सरळ, नजर कॅमेऱ्यात. निगेटिव्हमध्ये तिचा चेहरा काळा आणि केस पांढरेशुभ्र दिसायचे. द्वारपालांपेक्षा मी तिच्याकडेच जास्त बघायचे.

मालकांना मात्र ती खटकली. "कलेच्या पुस्तकात माणूस नको," ते म्हणाले. "बायको दाखवायची तर लग्नाचा अल्बम आहे की."

सरांनी मान डोलावली. भिडस्त माणूस, वाद घालणं जमायचंच नाही. मग मी एकेका फोटोवर बटर पेपर लावून लाल पेन्सिलीनं चौकट आखायला बसले. द्वारपाल आत, बाई बाहेर. पुन्हा द्वारपाल आत, बाई बाहेर. हात माझेच होते आणि मनातून मालकांना शिव्या चालल्या होत्या.

ओळी तपासून घ्यायला पुंडलिकनगरला सरांच्या घरी गेले. दाराशी बाजेवर त्या बसल्या होत्या. केस पांढरे, चेहरा उन्हानं रापलेला. माझी निगेटिव्हच समोर बसली होती. गुडघे गेल्यामुळं त्यांचं उंबऱ्याबाहेर जाणं थांबलं होतं. लेण्यांचा तर विषयच नव्हता.

"पोरी, मी हाय ना गं पुस्तकात?" पहिलाच प्रश्न. "लई उन्हं खाल्ली. हे म्हणायचे, हलू नको. मी हलले नाय."

सर चष्मा शोधायला लागले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता. मला त्यांचा रागच आला.

"बघते, काकू," एवढंच मी म्हणाले. मग उगाच काहीतरी विचारायचं म्हणून सरांना विचारलं, "या सगळ्या उंच्या तुम्ही काढल्या कशा?"

"हिच्यावरून," सर म्हणाले. "ही अनवाणी पाच फूट एक इंच. फोटोत हिच्या किती पट ते मोजायचं आणि गुणायचं. मोजपट्टी घेऊन वर चढायला शिडी कुठून आणणार?"

परतताना रिक्षात मी एकटीच हसत होते. अख्खं पुस्तक काकूंच्या डोक्यावर उभं होतं आणि आम्ही त्यांनाच कापत होतो.

पुढच्या खेपेला सर ऑफिसात आले तेव्हा मालकांसमोर मी साळसूदपणे म्हणाले, "उंची कशावरून काढली ते कुठंच लिहिलेलं नाही. लोक विचारतील."

लोक हसतील या एका गोष्टीला मालक घाबरायचे. "कशावरून काढली?" त्यांनी सरांकडे पाहिलं.

"घरच्यांवरून," सर हळूच म्हणाले.

मालकांनी चहा संपवला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. "मग एका चित्रात माप दाखवावं लागेल," ते म्हणाले. "एकाच."

मी सगळ्यात मोठा द्वारपाल निवडला, काकूंच्या दुप्पट उंचीचा. खाली साच्यात ओळ बसवली आणि शेवटी लिहिलं: मापासाठी शेजारी लेखकाच्या पत्नी, उंची पाच फूट एक इंच. पान तयार झालं तसं घेऊन पुंडलिकनगर गाठलं.

काकूंनी ते उजेडात धरलं. मला वाटलं, चेहरा बघतील. त्या पाय बघत होत्या.

"आता गं बया! पायात इंचभर जाड चपला हायेत की माझ्या."

"तू तर कायम अनवाणी असायचीस," सर म्हणाले.

"आत सावलीत, देवाच्या पुढ्यात. ह्यो दाराबाहेरचा राखणदार. दगड लई तापला व्हता, पाय ठेववंना."

सरांचा चेहरा उतरला. आयुष्यभराचं पुस्तक आणि त्यात एक उंची चुकीची. ते कधी पानाकडं बघत, कधी माझ्याकडं. मग खालच्या आवाजात मला म्हणाले, "हे चित्र काढून टाकू या का?"

काकूंनी पानावर तळवा ठेवला. मोठा, सुरकुतलेला, सगळा द्वारपाल झाकून टाकणारा. बोटांच्या फटीतून फक्त त्यांचा स्वतःचा पदर दिसत होता.

"मला कशाला काढता?" त्या म्हणाल्या. "त्याला वाढवा की."

मी पर्समधून पेन्सिल काढली आणि द्वारपालाला दोन इंच वाढवलं.