याकोबाची अर्धी राहिलेली गोष्ट

मंडळी, दुपारपासून मन खातंय.

सिल्वासात आम्ही बेने इस्रायली ज्यू मोजकेच. रविवारी डोकमर्डीला सॅमसनकाकांच्या घरी जमतो. काका तोराह या आमच्या धर्मग्रंथातली एखादी गोष्ट सांगतात, मग सगळे गोड पोह्यांचा मलिदा खातो.

आज ते म्हणाले, "याकोब परमुलखात आला, एकटा, आपल्यासारखाच. विहिरीवर त्याला रिबेका भेटली."

मी लगेच म्हणालो, "काका, रिबेका त्याची आई. भेटली ती राहेल."

"काका, आईशीच लग्न लावता का त्याचं?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. काकाही हसले आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "वाच बाबा तूच."

मी एकही चूक न करता वाचलं. पण याकोब आपल्यासारखा कसा, ते काकांचं सांगायचं राहूनच गेलं. मी नववीत शाळा सोडली, म्हणून असेल कदाचित. दुसऱ्याची चूक दिसली की मला राहवत नाही.

निघताना आमच्या प्रथेप्रमाणे काकांनी माझे हात हातात घेतले, मग स्वतःची बोटं ओठांना लावली. "छान वाचलंस," म्हणाले. मला माफी मागता आली नाही.

चारचौघांत अडवलेल्या माणसाची माफी एकट्यात मागितली तर पुरते का? की पुढच्या रविवारी सगळ्यांसमोरच म्हणू, "काका, ती गोष्ट पुरी करा"?