हौदातल्या माशांचा चारा

माझं माहेर पारनेरकडचं, कोरडवाहू. तिकडे ओढ्यालाच पाणी नाही तर मासे कुठून येणार? आई कधीमधी सुकट, म्हणजे वाळवलेला जवळा, करायची आणि ती मला चालायची. ओला मासा मी पहिल्यांदा तोंडात घातला तो लग्नानंतर, नेवासा तालुक्यातल्या सासरी. नव्वदीनंतरची ती वर्षं. गाव प्रवरेच्या काठचं, आणि घरातल्या सगळ्यांचा माशावर जीव.

नव्या सुनेला कौतुकानं रोहूची तुकडी वाढली. जेवण संपायच्या आत माझे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढली. आमच्या ह्यांना मात्र अक्कल सुचली. त्यांनी मला मोटारसायकलवर घालून तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, घरात ठेवायला गोळ्या दिल्या आणि बजावलं, "ही अ‍ॅलर्जी आहे. पुन्हा मासा खायचा नाही आणि शिजताना वाफेतही थांबायचं नाही. पुढच्या वेळी इथवर पोचशील याची खात्री नाही."

आत्यांना हे पटलं नाही. "कोंबडं चालतं, मटण चालतं, मासाच तेवढा चालत न्हाई! नाचता येईना अंगण वाकडं. खवलं काढायला नगं म्हून सगळं."

मीही काही गरीब गाय नव्हते. "आत्या, मरून दाखवू का म्हणजे पटेल?" असं मी विचारलं होतं. त्यावर त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

घर दोन खोल्यांचं. रविवारी मासे शिजले की वास घरभर. मग मी माझं ताट घेऊन बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसायची. खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. बाहेर वारा असायचा, आणि जेवताना "जरा भाकरी आण गं" म्हणून उठवणारं कुणी नसायचं. वाईट वाटायचं ते सासऱ्यांना, आमच्या मामांना. ते मधेच उठून दारात यायचे, मला बघायचे आणि परत आत जायचे.

एकदा मी त्यांना म्हणाले, "मामा, मला कुणी बाहेर काढलेलं नाही. मीच माझ्या जिवासाठी बसते."

ते जाळं दुरुस्त करत होते. मान वर न करता म्हणाले, "आमी ल्हान हुतो तवा गावच्या लग्नात समद्यांचं झाल्यावर आमाला बोलवायचे. उकिरड्याच्या कडंला बसवायचे आन् पानात वरून टाकायचे. आई म्हनायची, मान खाली घाल आन् खा. पुढं दीक्षा घेतली, कारखान्यात नोकरी लागली, हे घर बांधलं. तवाच ठरवलं, ह्या घरात कुनी भाईर बसून जेवायचं न्हाई."

"पण माझं तसं नाही ना."

"भाईर बसलेलं मानूस बघनाऱ्याला सारखंच दिसतं, बाई."

मी जाळ्याचं दुसरं टोक ताणून धरलं.

मामा कारखान्यातून निवृत्त झालेले. घरी दोन म्हशी होत्या आणि गावच्या पाझर तलावात त्यांनी चौघांच्या भागीत मासे सोडले होते. माझ्या दुखण्यावर त्यांनी उपाय काढला तो म्हशींच्या हिशोबानं. म्हशीनं कांद्याची पात खाल्ली की दुधाला वास मारतो, म्हणजे जसा चारा तसं दूध. तलावातला मासा वाट्टेल ते खातो, आणि तेच हिच्या अंगावर उठतं. तेव्हा माशाचा चारा बदलायचा.

विहिरीजवळच्या हौदात त्यांनी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडली. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा मळून त्याचे गोळे सकाळ-संध्याकाळ टाकायचे. गावात चेष्टा सुरू झाली, "सुनेसाठी मासे पाळलेत का माशांसाठी सून आणलीय?" आत्याही कमी नव्हत्या. "मला जन्मात कधी घास भरवला न्हाई, आन् माशाला भरवतोय बघा!"

मासे वाढले. मी अट घातली होती की तोंडात काही घालणार नाही, रश्शाचा एक थेंब मनगटावर लावायचा, बस्स. लावला. बघता बघता तिथं लाल गांध उठली. मामांनी माझा हात उजेडात धरून बघितला. "पेंड सोसली न्हाई," म्हणाले.

पुढच्या खेपेला पेंड बंद करून ज्वारीचं पीठ आणि उकडलेली मेथी सुरू झाली. गांध तशीच उठली. त्या सुमारास तलाव बघायला एक मत्स्य अधिकारी आले होते. मामा त्यांना चहाला घरी घेऊन आले. सगळं ऐकून ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "चाऱ्यानं माशाची चव बदलते, चरबी बदलते. पण हिला जे बाधतं ते त्याच्या मांसातच असतं. चाऱ्यानं ते थोडंफार कमी होईलही, बाहेरच्या देशात कुणी शोधतही असेल. हौदात पीठ टाकून मात्र ते जमायचं नाही."

अधिकारी गेल्यावर मामा मला म्हणाले, "थोडं कमी हुतं, म्हनला न्हवं?"

माणसाला जे ऐकायचं तेच ऐकू येतं. मी कपाळावर हात मारला.

तिसऱ्या खेपेला काय घातलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण त्या वेळी मनगटावरची गांध खरंच लहान उठली. चाऱ्यामुळे की थेंबच लहान पडला म्हणून, कुणास ठाऊक. मामांचा चेहरा असा खुलला की मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांनी आतल्या खोलीत आपल्या शेजारी माझं ताट मांडलं. "येकच घास, पोरी. नखाएवढा."

नाही म्हणायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण तो खुललेला चेहरा माझ्या शेजारीच होता. मी बसले. खोलीत वाफ कोंडली होती. घशात खवखवायला लागलं होतं आणि ओठ जड झाले होते. मला मनातून भीती वाटत होती. तरी मी तुकडा उचलला.

आत्यांनी माझं मनगट धरलं आणि तुकडा खाली पाडला.

"तोंड बघा हिचं! नुसत्या वाफंनं सुजलंय. तुमच्या चाऱ्यापायी जीव घेता का पोरीचा?" आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन् तू गं? एरवी मला फाडफाड बोलतीस, आज वाचा बसली व्हय?"

ह्यांनी गोळी आणली. आत्यांनी दारं-खिडक्या सताड उघडल्या. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. मग ते उठले, माशाचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि दाराकडे निघाले.

"चला समदे. मासा भाईर जाईल, मानूस न्हाई."

एकेक जण आपलं ताट घेऊन त्यांच्या मागे गेला. आत्यांनी मला दुसरं ताट घेतलं, त्यात वांग्याचं कालवण वाढलं, "बस हितं," म्हणाल्या आणि स्वतः मुंग्यांना शिव्या देत ओट्यावर जाऊन बसल्या.

सूज उतरायला लागली तशी मी भाकरी मोडली. मला रडू येत होतं आणि ते मी आवरलंही नाही. बाहेर बादलीचा आवाज झाला. साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन, चूळ भरून मामा आत आले आणि माझं जेवण होईपर्यंत माझ्यासमोर बसून राहिले.