इंद्रभानचा वाटसरू

वडनेर भोलजीत इंद्रभानच्या गिरणीवर दळण घेऊन गेलात, तर डब्याआधी तो तुमचा मोबाइल मागणार आणि त्यात 'वाटसरू' नावाचा गेम घालून त्यातला गडीही वाटेला लावून देणार. गावातल्या गेमवेड्या पोरांनीही या गेमचं नाव ऐकलेलं नाही. इंद्रभानला मात्र त्याच्यापुढे बाकी सगळे फिके.

"यात काई कराचंच नाही ना बापा! आपला गडी वाटेले लावला, का झालं. आपन झोपलो तरी तो लढून राह्यते, घाट चढून राह्यते, सोनं जमवते."

आंधळं दळतं न् कुत्रं पीठ खातं म्हणतात. या गेमात आंधळ्यालाही दळावं लागत नाही, पीठ आपलं पडत राहतं. एकच गोष्ट आपोआप होत नाही. मित्राच्या गड्याला शिदोरी पाठवायची, तर ती स्वतःच्या हातानं पाठवावी लागते. इंद्रभान रोज सगळ्यांना पाठवायचा. त्याला अजून एकही आली नव्हती. एक तरी यावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

पूर्वी त्याला असल्या शिदोरीची गरज नव्हती. दळण होईस्तोवर बाया बाकावर बसायच्या, पट्ट्याच्या आवाजावर ओरडून सुनांची उणीदुणी काढायच्या, त्याची बायको चहा करायची. मग बायको गेली. पोरगी मयुरी नाशकात नोकरीला; बाबांना करमावं म्हणून तिनंच हा गेम घालून दिला होता. आता लोक गाडीवरून येतात, डबा ठेवतात, 'संध्याकाळी नेतो' म्हणतात, गाडी बंदसुद्धा करत नाहीत. दिवसभर गिरणी बोलते आणि इंद्रभान ऐकतो. फार एकटा पडला होता बिचारा.

मित्रांचे गडी मात्र भराभर घाट चढत होते. म्हणजे लोक खेळतात, अशी त्याची पक्की समजूत. एका दुपारी गल्लीतल्या पंचफुलाबाई आल्या. त्यांचाही लेक पुण्याला, घरी त्या एकट्याच. इंद्रभान हरखून म्हणाला, "ताई, तुमचा गडी तर माह्याही पुढं गेला!"

"कोनता गडी, भाऊ?"

"वाटसरूतला!"

"बाई बाई! म्या तं तो उघडूनबी नाही पाह्यला. तुमचं मन मोडू नये म्हनून घालू देला. शेजारच्या मोतीरामनं तं कवाच काढून टाकला म्हने."

गेम काढून टाकलेल्या मोतीरामचा गडी तर आज सकाळीच नवा घाट चढला होता. इंद्रभान हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. गडी सगळे चालत होते, माणूस एकही नव्हता. इतके दिवस तो रिकाम्या घरांच्या कड्या वाजवत होता.

पंचफुलाबाई डबा ठेवून निघाल्या होत्या. त्याचं तोंड पाहून थांबल्या.

"मले ते शिदोरी-बिदोरी नाही जमत, भाऊ. दळन होईस्तोवर बसू का इथंच?"

इंद्रभाननं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं बाकावरचं पीठ झटकलं. मग डबा उघडला. एकट्या बाईचं दळण ते, ज्वारीनं डब्याचं बूडही धड झाकलं नव्हतं. डोळ्याचं पातं लवेस्तोवर झालं असतं. त्यानं ज्वारी ओतली आणि दाणे पडायची फट पार बारीक करून टाकली.

"आज गिरनी काऊन हळू चालून राह्यली?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"जवारी ओली हाये, ताई."

ज्वारी खडखडीत होती, पंचफुलाबाईंनी स्वतः उन्हात वाळवलेली. त्यांनी पाय बाकावर घेतले आणि सुनेची गोष्ट काढली.