दसरूचे नऊ बोकड

ब्रह्मपुरीहून चार कोसांवरच्या त्या गावात लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी दसरूच्या आवारात यायचा. बोकड पोसावा तर दसरूनंच. महिना-दीड महिना तांदळाची कनकी, म्हणजे कण्या, आणि डाळीची चुनी घालून तो हाडकुळा बोकड असा अंगानं भरवायचा, की मटणावर बोटभर तेल तरंगायचं. पंगतीत लोक नवरदेवाआधी दसरूचं नाव घ्यायचे, आणि दसरूला ते फार आवडायचं.

पंचावन्न साली सोमाजीच्या रंभाचं लग्न वैशाखात निघालं. नऊ बोकड हवे होते. पण आदल्या पावसाळ्यात धान निसवायच्या वेळेलाच पाऊस गेला होता. फाल्गुनात तलावाच्या तळाला भेगा पडल्या आणि अख्खं गाव एका विहिरीवर आलं. पंचांनी दर घराला रोज चार गुंड्या, म्हणजे चार कळशा, पाणी ठरवलं. लग्नघरचे बोकड म्हणून दसरूला तीन गुंड्या वरच्या.

एका सकाळी तो बोकडांपुढे कनकी ओतत होता. शेजारची म्हातारी गुणाबाई रिकामं सूप घेऊन कुंपणापाशी उभी राहिली.

"दसरू, खाली सांडलेली कनकी वेचून नेऊ का रे?"

"बाई, बोकडापुढची कनकी काऊन नेता?"

"धुऊन आंबील करीन. बोकड खाते तेच आमी खातो, बाप्पा."

ती कुरकुर करत नव्हती, सहज बोलली होती. दसरूनं तिचं सूप भरून दिलं, पण त्याचा हात काही पुढे चालेना. तीन गुंड्या पाणी आणि सूपभर कनकी, रोज, दीड महिना. आणि त्यातून निघणार काय, तर एका दुपारची पंगत. बोकड किती भरला हे तो जन्मभर हातानं चाचपून बघत आला होता. त्याच्या पोटात काय काय गेलं, हे आजवर त्याच्या मनातच आलं नव्हतं.

दुपारी तो सोमाजीकडे गेला.

"भाऊ, बोकड मी वैनगंगेकाठी बहिणीच्या गावी धाडून राह्यलो. तिथी पाणीबी हाये, चाराबी हाये. आता ते तिथीच राह्यतीन."

"अन् माह्या पंगतीचं?" सोमाजी ताडकन उठला. "सोयरे हासतीन ना बे!"

"वरण-भात करू, उडदाचे वडे करू. हासले तर माह्यावर ढकला. मी पंगतीत उभा राह्यतो."

सोमाजी दोन दिवस दसरूच्या आवाराकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं उडीद निवडायला घेतले, तेव्हा दसरू काय ते समजला.

लग्नाच्या दिवशी वडे तळायला तो स्वतः बसला. पहिला घाणा करपला, दुसरा कच्चा राहिला, तिसरा कुठे जमला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पंगत बसली तसा नवरदेवाचा बाप मनसाराम पान न्याहाळत म्हणाला, "दसरूभाऊ, बोकड कुठी हायेत?"

दसरू वड्यांची टोपली घेऊन पुढे आला. "सोयरे, या साली बोकडाचं पाणी तुमच्या लोट्यात हाये."

मनसारामनं लोट्याकडे पाहिलं. त्याच्याही गावची विहीर आटली होती. तो सावकाश पाणी प्यायला आणि म्हणाला, "मंग वाढा ना वडे."

वड्यांची टोपली तीनदा रिकामी झाली.

उरलेली कनकी दसरूनं ज्यांच्या घरी दाणा संपला होता त्यांना वाटली. विहीर पाऊस येईपर्यंत पुरली. पुढच्या साली तलाव काठोकाठ भरला, तरी त्यानं दोनच बोकड ठेवले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावानं खावं एवढ्यापुरते. तेवढं मटण त्यालाही पुरे वाटू लागलं.

लग्नाची बोलावणी मात्र थांबली नाहीत. आता वड्यांसाठी यायची. उडीद किती वेळ भिजवायचे यावरून तो गावोगावच्या बायकांशी तासन्‌तास हुज्जत घालायचा, आणि पीठ लागलेल्या हातांनी खुशीत घरी परतायचा.