पोटात तयार होणारं मीठ

दिग्रसला थोरल्या भावाकडे पाटवडीचा रस्सा होता, आणि जेवण संपता संपता माझं डोकं फिरलं.

भावाचा रक्तदाब उतरत नव्हता. पायांवर सूज होती. डॉक्टरनं मीठ बंद केल्यापासून वहिनीनं मिठाची बरणी कुलपात ठेवली होती. त्याचा रस्सा वेगळा, अळणी. लोणचं, पापड बंद. तरी दाब तसाच. शेवटी डॉक्टरनं गोळी वाढवली.

भावानं अळणी रस्सा तर्रीसकट ओरपला आणि छाती चोळायला लागला. वहिनीनं लगेच भज्यांच्या सोड्याचा डबा काढला, चमचाभर सोडा पाण्यात ढवळून दिला. तो प्यायला आणि मोठा ढेकर दिला.

"निंघालं पहा ॲसिड!" तो म्हणाला.

"हे रोज चालते?"

"दोन्ही टायमाले. काहून?"

पोटातलं ॲसिड हायड्रोक्लोरिक असतं. त्यात सोडा पडला की ॲसिड मरतं, हे खरं. पण त्यातून बनतं काय? पाणी, वायू आणि मीठ. आपण वरणात घालतो तेच मीठ. ढेकर त्या वायूचा. मीठ आतच राहतं. एक ग्रॅम मिठात सोडियम सुमारे चारशे मिलिग्रॅम, एक ग्रॅम सोड्यात पावणेतीनशे. नुसत्या सोड्यानंच दाब चढला असं मी म्हणणार नाही. पण बिचाऱ्यानं इतके दिवस अळणी गिळलं ते कशासाठी?

"मिठाले घरातून हाकललं, अन् पोटात कारखाना टाकला काय?" मी ओरडलोच. "डॉक्टरनं इचारलं नव्हतं, दुसरं काही औषध घेता काय म्हणून?"

"इचारलं नं," वहिनी म्हणाली. "पण सोडा औषध हाय काय भाऊजी? तो तं भज्याचा."

तिचं काय चुकलं? मला राग आला तो डॉक्टरचा. गोळी वाढवायला त्याला वेळ होता. जळजळ होते का, त्यावर काय घेता, हे विचारायला नव्हता. पुढच्या खेपेला मी सोबत गेलो आणि आधी सोड्याचं सांगितलं. "हे पहिलेच सांगायचं ना," तो आमच्यावरच डाफरला. मग तर्री बंद केली आणि चावून खायच्या गोळ्या दिल्या, मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या. त्यांनीही ॲसिड मरतं, पण हे मीठ बनत नाही आणि वायूही नाही.

घरी भावानं पहिली गोळी चावली आणि तोंड वाकडं केलं.

"खडू खाऊन राह्यलो मी. ढेकर तं येतच नाही."

"येऊच नये," मी म्हणालो.

वहिनीनं सोड्याचा डबा उचलला आणि मिठाच्या बरणीशेजारी, कुलपात ठेवला.